ओळखीचे दान

आहार, औषध, शास्त्र व अभय अशी चार दाने आपल्या धर्माने सांगितली आहेत. आहारदानात आपला व्यापारी समाज कधी मागे राहिला नाही. परंतु येथे इच्छापोरास, दुकानांच्या ओट्यांवर रात्र काढणाऱ्या मजुरांची खरी नड मूठभर धान्याहून निराळी आहे.

आमच्या वखारीतील एक खानदेशी हमाल पन्नास किलोची पोती दिवसभर वाहतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र माणसास दरमहा पाच किलो धान्य ठरविले आहे. तेवढेच त्यास मिळत नाही. शिधापत्रिकेस आधारपत्र मागतात, आधारास पत्ता. आणि त्याचा पत्ता म्हणजे आमचा ओटा! रोजावर पाणी सोडून तीन वेळा तो कचेरीतून रिकामा परतला.

कायदा इतका निष्ठुर नाही. कायमचे घर नसलेल्यांसाठी विशेष व्यवस्था करावी, असे २०१६ च्या आधार कायद्याचे पाचवे कलम सांगते. पत्त्यास आमदाराचा वा नगरसेवकाचा दाखला चालतो. मतदारयादीसाठी तर अधिकाऱ्याने रात्री येऊन, माणूस तेथे निजतो याची खात्री केली की पुरते. परंतु लोकप्रतिनिधीच्या दारी एकट्या हमालास कोण विचारतो? आम्ही बरोबर गेलो, तेव्हा दाखला एका बैठकीत मिळाला. त्याचा अभिमान नव्हे, लाजच वाटली. पहिल्या तीन फेऱ्या आम्ही गादीवर बसून पाहिल्या होत्या.

केवळ शब्दावर लाखांचा माल उधार देणारे आपण, रोज डोळ्यांसमोर वावरणाऱ्या माणसाची ओळख देण्यास का कचरावे? प्रत्येक सभासदाने वर्षातून एका तरी निराश्रितास सोबत घेऊन कचेरीची पायरी चढावी. यात गाठीचे काही जात नाही. आणि अभयदान ते याहून वेगळे काय?