थंडीचा परवाना

मार्गशीर्ष लागला आणि पहाटे शाल पांघरावीशी वाटू लागली, की आमच्या पांढरपेशा घरांतून एक वाक्य वेदवाक्याप्रमाणे उच्चारले जाऊ लागते: ‘थंडीत सगळे पचते.’ एवढ्या तीन शब्दांच्या आधारावर डिंकाचे लाडू, गाजराचा हलवा, तिन्हीसांजेची गरम भजी आणि त्यावर रात्री साडेनऊचे भरपेट जेवण, हे सारे दोन महिने निर्वेधपणे चालते. कोणी हात आखडता घेतलाच, तर त्यास ‘डाएटवाला’ म्हणून हसण्यावारी नेतात. हे वाक्य सर्वस्वी खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. त्यातील अर्धे सत्य आपण उचलले आणि उरलेले अर्धे सोयीस्करपणे गाळले, एवढेच आमचे म्हणणे आहे.

या पक्षाचा पहिला आधार म्हणजे शास्त्र. हेमंतात जाठराग्नि प्रबल होतो, त्यास पुरेसे इंधन न मिळाल्यास तो शरीरातील रसधातूंसच ग्रासतो, यास्तव स्निग्ध व बलवर्धक आहार घ्यावा, असे चरकाने व वाग्भटाने सांगितले आहे, यात शंका नाही. हे वचन आम्हीही आमच्या पत्नीस दर हिवाळ्यात मोठ्या आत्मविश्वासाने ऐकवीत असू. दोन वर्षांपूर्वी तिने कपाटातून वाग्भटाचा ग्रंथ काढला, भाषांतरासह ते प्रकरण वाचले आणि शांतपणे विचारले, “आणि कुस्तीचे काय?” पाहतो तो खरोखरच, स्निग्ध आहार सांगणाऱ्या त्याच हेमंतचर्येत अंगास तेल चोळून घेणे सांगितले आहे, आणि कुशल मल्लांशी मल्लयुद्धही सांगितले आहे! व्यायामाच्या प्रकरणात तर थंडीतील व्यायाम कोणी करावा, हे सांगताना स्निग्ध भोजन करणाऱ्या बलवानांचाच उल्लेख आहे. म्हणजे तूप आणि तालीम यांची शास्त्रकारांनी जोडीच लावून दिली होती. आम्ही तुपाचा श्लोक मुखोद्गत केला आणि तालमीचा विसरलो. खुर्चीत बसून पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने मल्लाचे पथ्य पाळावे, हा शास्त्राचा आदर नव्हे; ती शास्त्राची थट्टा होय.

दुसरा आधार पूर्वजांचा. ‘आमचे आजोबा तुपाशिवाय घास घेत नसत,’ असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु ते आजोबा विहिरीचे पाणी ओढीत आणि परगावी पायी जात, हे सांगावयाचे राहून जाते. आणि डिंकाच्या लाडवांचे म्हणाल, तर जुन्या घरांत ते मुख्यत्वे बाळंतिणीची झीज भरून निघावी म्हणून होत. तिच्या वाट्याचा लाडू सांप्रत चहाबरोबर कोण खातो, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

हा केवळ विनोदाचा विषय असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीवरून देशातील मधुमेह्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लक्ष, आणि त्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची १३ कोटी ६० लक्ष, असा अंदाज निघतो. त्या उंबरठ्यावर आम्हीही उभे आहोत, हे रक्ततपासणीच्या एका कागदाने आम्हास कळविले. तो कागदही पौषातच हाती आला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुचविलेल्या २००० कॅलरींच्या दैनिक आहारात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि तेल-तूप सारे मिळून २७ ग्रॅम आहे. या हिशोबाने चौघांच्या घरास महिन्याकाठी स्निग्ध पदार्थ सव्वातीन किलो पुरावेत. वाचकांनी आपली वाण्याची यादी एकवार पाहावी.

येथे दुसऱ्या टोकाचे लोक पुढे सरसावतात. त्यांच्या मते हलके जेवण म्हणजे डब्यातील परदेशी धान्य आणि थंडगार कच्ची पाने. हा उपायही आम्हास मान्य नाही. ज्या ऋतूत महाराष्ट्राची मंडई मेथी, चाकवत, मुळा, गाजर, पावटा, मटार, ओला हरभरा आणि तुरीचे सोले यांनी ओसंडून वाहते, त्या ऋतूत डबा फोडण्याचे प्रयोजन काय?

आमच्या घरचा रात्रीच्या जेवणाचा आठवडा असा असतो. सोमवारी मुगाची सैल खिचडी आणि मुळ्याची कोशिंबीर. मंगळवारी बाजरीची एकच भाकरी आणि मूगडाळ घातलेली मेथी. बाजरीचे पीठ लवकर कडवट होते, म्हणून आठवड्यापुरतेच दळून आणावे. बुधवारी मटकीची उसळ. थंडीत मोड उशिरा येतात, यास्तव मटकी रविवारीच भिजत घालावी. गुरुवारी ताकातला चाकवत आणि ज्वारीची भाकरी. शुक्रवारी टोमॅटोचे सार आणि मुगाची धिरडी. शनिवारी भोगीच्या भाजीप्रमाणे वांगी, गाजर, पावटा व ओला हरभरा एकत्र शिजवून वर तिळाचा कूट. रविवारी गोड, परंतु एकदाच आणि वाटीभर. फोडणीचे तेल चमच्याने मोजून घालतो, भाजी भाकरीच्या दुप्पट वाढतो आणि साडेसातला पाने घेतो. यात उपासमार कोठे आहे? गरम वाफाळते ताट थंडीत हवेच. ते जड असलेच पाहिजे, असा मात्र नियम नाही.

एक आक्षेप आम्हास खरोखर वजनदार वाटतो, आणि तो गृहिणींचा आहे. तळण एकदा करून डबे भरून ठेवता येतात. पालेभाजी रोज निवडावी, धुवावी, चिरावी लागते. आरोग्य सर्वांचे आणि कष्ट एकटीचे, ही वाटणी अन्यायाची आहे, आणि तीपायी चांगल्या चांगल्या आहारसुधारणा चार दिवसांत बारगळतात. यावर उपाय एकच. मेथीची जुडी निवडावयास पुरुषांस कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाही. आम्ही गेले दोन हिवाळे वर्तमानपत्र पसरून ती निवडतो आहोत. प्रारंभी देठेच अधिक येत, आता हात बसला आहे.

तेव्हा ‘थंडीत सगळे पचते’ हे वचन ज्यांस सोडवत नसेल, त्यांनी ते खुशाल जपावे. मात्र वाग्भटाची आज्ञा पाळावयाची तर पुरी पाळावी: पहाटे उठून आधी तालमीत जावे, जोडीदार शोधावा, चार डाव खेळावेत आणि मग तुपाची वाटी मागावी. तोवर समोरच्या परातीतील मेथी निवडून द्यावी.