घड्याळ लावून येणारी डोकेदुखी



"बाई, डोकं दुखतंय," असं कुणी म्हणालं की वर्गात लगेच खसखस पिकते. गणिताचा तास आला वाटतं! आपल्या बोलण्यातही डोक्याला कामं फार. कुणी डोकं खातं, कुणी डोक्यावर बसतं, कुणाच्या डोक्याला ताप होतो. त्यामुळे खरंच डोकं दुखणाऱ्या माणसाकडे आपण फारसं लक्ष देत नाही. "बाम लाव आणि पड जरा," एवढं सांगितलं की झालं! आज अशा एका डोकेदुखीची ओळख करून घेऊ, जिच्यापुढे बामही हात टेकतो.

तिचं नाव क्लस्टर हेडेक. क्लस्टर म्हणजे घड. नाशिकच्या द्राक्षांचा घड आठवा, मण्याला मणी चिकटलेला. तसे या दुखण्याचे झटके घडाने येतात. काही आठवडे, कधी दोन-तीन महिने ते येतच राहतात; एखाद्याला एका दिवसात आठ वेळासुद्धा! मग घड संपतो आणि कित्येक महिने काही त्रास नसतो. काही थोड्या लोकांना मात्र अशी सुट्टी मिळतच नाही. साधारण हजारात एकाला हा आजार होतो. तो बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो, मुलांमध्ये फार क्वचित दिसतो. तेव्हा तुम्ही घाबरू नका. पण तुमच्या बाबांना, मामाला किंवा शेजारच्या काकूंना तो असू शकतो.

अर्धशिशी तुम्ही ऐकली असेल. तीही बऱ्याचदा अर्धं डोकं धरते. पण अर्धशिशीचा माणूस अंधार करून गुपचूप पडून राहतो. क्लस्टरवाल्याला पडवतच नाही! एका डोळ्याच्या मागे कुणी तापलेली सळई खुपसावी तसं दुखतं. त्याच बाजूचा डोळा लाल होऊन गळायला लागतो, पापणी उतरते, नाक चोंदतं. माणूस येरझाऱ्या घालतो. पंधरा मिनिटं ते तीन तास हा खेळ चालतो.

आणि गंमत बघा, पुष्कळांना झटका रोज ठरावीक वेळी येतो. झोप लागून तास-दोन तास झाले की हजर! आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. शरीराचं घड्याळ तिथे चालतं. या आजाराचा त्या भागाशी संबंध आहे, असं शास्त्रज्ञांना आढळलं आहे.

आमच्या डोंबिवलीतल्या एका पालकांना हा त्रास आहे. आधी त्यांना वाटलं, दाढ दुखतेय. दाढ काढली, दुखणं तिथेच! मग सायनस समजून वाफारे झाले, चष्म्याचा नंबर तपासून झाला. आजाराचं खरं नाव कळायला चार वर्षं गेली. तोवर घरात काय व्हायचं? रात्री दीडला बाबा उठून खोलीभर फिरायचे, कुणी बोललं तर खेकसायचे. त्यांच्या चौथीतल्या मुलीला वाटायचं, बाबा आपल्यावरच रागावलेत.

आता ती शहाणी झाली आहे. बाबा उठले की ती प्रश्न विचारत नाही. दिवसा झटका आला, तर वहीत वेळ लिहून ठेवते. कधी सुरू झाला, कधी थांबला, कोणती बाजू. ती वही बघून डॉक्टरांना औषध ठरवायला मदत होते. बघा, शुद्धलेखनाच्या वहीइतकीच कामाची वही!

साधी गोळी इथे उपयोगी पडत नाही. ती पोटातून रक्तात पोचून काम करीपर्यंत झटका बहुधा ओसरलेला असतो. उलट डोकेदुखीच्या गोळ्या वारंवार खाल्ल्या, तर त्यांच्यामुळेच नवी डोकेदुखी मागे लागू शकते. यावर चांगला उपाय म्हणजे शुद्ध ऑक्सिजन! तोंडावर घट्ट मास्क लावून पंधरा-वीस मिनिटं तो घ्यायचा. लंडनच्या डॉक्टरांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ऑक्सिजन दिल्यावर पंधरा मिनिटांत १०० पैकी ७८ झटक्यांत आराम पडला; नुसती हवा दिली, तेव्हा फक्त २० झटक्यांत. याशिवाय सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन असतं, झटके कमी करणारी रोजची औषधंही असतात. पण हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, सिलिंडरसाठी लोक कसे धावत होते ते तुमच्या आईबाबांना आठवत असेल. घरी असा सिलिंडर असेल तर एक नियम पक्का : त्याच्याजवळ काडी, उदबत्ती, निरांजन काही नको. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला भडकवतो.

घरात सिलिंडर असतो, पण आठ बावीसच्या लोकलमध्ये तो कुठून आणणार? एकदा या काकांना ठाणे स्टेशनवर उतरावं लागलं. एक डोळा दाबून ते फलाटावर येरझाऱ्या घालत होते, डोळ्यातून पाणी वाहत होतं. कुणीतरी म्हणालं, "सकाळी सकाळी चढवून आलाय!" खरं तर काका दारूला शिवतही नाहीत, घड चालू असताना एका घोटानेही झटका येऊ शकतो. दुखण्यापेक्षा ते वाक्य जास्त लागलं, असं ते म्हणाले. दिसत नाही म्हणून दुखणं खोटं नसतं, मुलांनो. असं कुणी दिसलं तर घोळका करू नका, हसू नका. सोबतच्या मोठ्या माणसाला सांगा, तो मदत विचारील.

पालकांसाठी दोन शब्द. अशी लक्षणं असतील तर दुखणं अंगावर काढू नका. कल्याणचं रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचं शास्त्रीनगर रुग्णालय जवळच आहे. पुढे मेंदूविकारतज्ज्ञांसाठी परळचं केईएम आहे. डोकं अचानक असह्य दुखलं, तापाबरोबर मान आखडली, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला किंवा डोक्याला मार लागल्यावर उलट्या झाल्या, तर मात्र ताबडतोब दवाखाना गाठा. मुलाचं डोकं वरचेवर दुखत असेल, तर "अभ्यासाचा कंटाळा" म्हणून सोडून देऊ नका.

या आठवड्याचा उपक्रम : एका जुन्या वहीत चार रकाने आखा : तारीख, वेळ, किती वेळ दुखलं, त्याआधी काय झालं. घरात कुणाचंही डोकं दुखलं की नोंद करा. महिन्याने वही उघडून बघा. न्याहारी चुकल्याचा, जागरणाचा किंवा उन्हात खेळल्याचा काही मेळ लागतोय का? काय सापडलं ते मला पत्राने जरूर कळवा.

तुमची,
बाई