वरच्या पातळीचे कंट्रोल रोज लावा

डायलिसिस केंद्राला जोडलेल्या लॅबमध्ये युरियाच्या आकड्यावर रुग्णाचे डायलिसिस पुरेसे झाले की नाही हे ठरते. आधीच्या आणि नंतरच्या युरियात निदान 65 टक्के घट हवी, हा दंडक आपल्याला पाठ आहे. म्हणून युरियाच्या पद्धतींवर लिहिताना नेहमीच्या 25-30च्या सॅम्पलपेक्षा 200च्या पुढच्या सॅम्पलबद्दल बोलणे आम्हाला गरजेचे वाटते.

ॲसिडमध्ये उकळण्याची डायअसेटिल मोनॉक्झाइमची पद्धत मागे पडली, हे चांगलेच झाले. आता भिस्त युरिएजवर आहे. जेम्स समनर यांनी 1926मध्ये जॅक बीनमधून ज्याचे स्फटिक मिळवले, तेच हे एन्झाइम. ते युरियापासून अमोनिया मोकळा करते आणि आपण मोजतो तो हा अमोनिया. बर्थेलॉटमध्ये त्याचा निळा-हिरवा रंग वाचायचा. जीएलडीएच कायनेटिकमध्ये अमोनियासोबत एनएडीएच खर्च होते आणि 340 नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स उतरतो, ती उतरण वाचायची.

खरी गोम या उतरणीत आहे. वर्किंग रिएजंट फ्रिजबाहेर टेबलावर राहिला की त्यातले एनएडीएच आपोआप कमी होत जाते. 30 किंवा 40 युरियाच्या सॅम्पलला उरलेले पुरते, त्यामुळे नॉर्मल कंट्रोल व्यवस्थित बसते आणि सगळे निर्धास्त होतात. 200च्या सॅम्पलमध्ये मात्र मशीनने पहिले वाचन घेण्याआधीच बरेचसे एनएडीएच संपलेले असते. दोन वाचनांतला फरक कमी भरतो आणि युरिया खोटा कमी येतो.

समजा, डायलिसिसआधीचा खरा युरिया 210 आहे, पण रिपोर्ट 170चा गेला. नंतरचा 60 बरोबर आला. खरी घट 71 टक्के, कागदावर 65लाही जरा कमी. डायलिसिस नीट झालेल्या माणसाचे तास विनाकारण वाढणार, किंवा त्याच्या फिस्च्युलावर शंका घेतली जाणार. ही चूक फक्त नॉर्मल कंट्रोल लावून कधीच सापडणार नाही.

यासाठी रोज सकाळी रिएजंट ब्लँकचा ॲब्सॉर्बन्स पाहून नोंदवा. किटच्या इन्सर्टमधल्या किमान आकड्याखाली गेला तर रिएजंट फेकून द्या. लिनिॲरिटीच्या पुढचे सॅम्पल नॉर्मल सलाइनने डायल्यूट करून पुन्हा लावा, आहे तो आकडा सोडू नका. शुगरच्या फ्लोराइड ट्यूबमधून युरिया करणे तर पूर्ण बंद व्हायला हवे, कारण फ्लोराइड युरिएजलाच अडवते. रिपोर्टवर युरिया आहे की बीयूएन हेही स्पष्ट लिहा, दोहोंत 2.14 पटीचा फरक आहे.

वरच्या पातळीचे कंट्रोल परवडत नाही, ही छोट्या लॅबची अडचण खरी आहे. पण डायलिसिसआधीच्या सॅम्पलचे उरलेले सिरम आपल्याकडे असतेच. एचआयव्ही, एचबीएसएजी आणि एचसीव्ही निगेटिव्ह असलेले सिरम एकत्र करा, छोट्या व्हायल भरून उणे 20ला ठेवा आणि ताज्या रिएजंटवर काही दिवस लावून त्याचा सरासरी आकडा व मर्यादा ठरवा. रोज एक व्हायल काढून पूर्ण वितळू द्या, हलक्या हाताने मिसळा आणि पेशंटच्या सॅम्पलआधी लावा. उरलेले पुन्हा गोठवू नका.