छात्रवृत्ती कोणाला परवडते?

वैद्यकीय संशोधनाच्या छात्रवृत्तीसाठी विद्यापीठाच्या दारी उभ्या राहणाऱ्यांना ‘गुणवत्ते’चा मंत्र ऐकवला जातो. पण निवडीनंतरही पहिला हप्ता हाती पडेपर्यंत महिनोन्महिने थांबण्याची ऐपत ही कसली गुणवत्ता? क्षयरोगावर काम करू इच्छिणारी शेतमजुराची मुलगी येथेच गळते. केंद्राच्या कनिष्ठ संशोधक छात्रवृत्तीचे २५,००० रुपये २०१९ साली ३१,००० झाले, तेही संशोधक दिल्लीत रस्त्यावर उतरल्यावर. ३७,००० व्हायला २०२३ उजाडले. सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा ठरतो (आणि तो ठरलाच पाहिजे!), प्रयोगशाळेत राबणाऱ्याने मात्र चार-चार वर्षे वाट पाहावी? महागाईशी जोडलेले, दरमहा ठरल्या तारखेस मिळणारे विद्यावेतन हा संशोधकाचा हक्क आहे. तसा ठराव आपल्या युवक कार्यकर्त्यांनी प्रत्येक विद्यापीठाच्या अधिसभेत आणावा.