मूर्तीची उंची आणि मूर्तिकाराची दृष्टी

पुराणपुरुष कांस्यात घडविणे हे व्यक्तिशिल्पाहून अवघड काम आहे. गांधीजींचा पुतळा करणाऱ्यापुढे छायाचित्रे असतात. श्रीकृष्णाचे छायाचित्र कोठून आणणार? परंपरेने ठरवून दिलेली लक्षणे तेवढी हाती असतात, बाकी सारे शिल्पकाराला स्वतःच पाहावे लागते. धुळे जिल्ह्यातील गोंदूरच्या राम सुतारांनी ते पाहिले. कुरुक्षेत्र येथील कृष्णार्जुनांचा कांस्यरथ त्यांचा. गोव्यातील पर्तगाळी मठात त्यांच्या ७७ फुटी कांस्यमय श्रीरामाचे अनावरण नोव्हेंबर २०२५ मध्ये झाले आणि पुढच्याच महिन्यात, शंभरी ओलांडलेले सुतार निवर्तले.

सरदार पटेलांच्या त्यांनी केलेल्या पुतळ्याची उंची शाळकरी मुलांनाही पाठ आहे. परंतु १९५४ ते १९५८ या काळात हा शिल्पकार पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत वेरूळ-अजिंठ्याच्या शिल्पांची डागडुजी करीत होता, हे मराठवाड्यातही फारसे कोणी सांगत नाही. भंगलेला हात सांधण्यापूर्वी मूळ कारागिराने तो कोणत्या लयीत वळविला होता हे ओळखावे लागते. देवादिकांचे देह वाचावयास शिकविणारी याहून चांगली शाळा कोणती?

पाथरीकरांनी हे ध्यानात घ्यावयास हवे. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून येथे १०० कोटी रुपयांच्या विकासाची घोषणा २०२० मध्ये झाली आणि शिर्डीकर खवळले. तो तंटा बाजूला ठेवला, तरी तीर्थक्षेत्राचा विकास म्हटला की चौक, कमानी आणि मूर्ती ओघानेच येतात. आणि मूर्ती येते ती बहुधा ठेक्याने, अनावरणाची तारीख आधी ठरवून. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील ३५ फुटी शिवपुतळ्याचे अनावरण डिसेंबर २०२३ मध्ये झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये तो कोसळला. मान्यता सहा फुटी नमुन्याला दिली होती, असे कला संचालकांनी नंतर सांगितले! माती, साचा, मेण, ओतकाम, जोडकाम या प्रत्येकाला आपापला अवधी लागतो. मंत्र्यांच्या दौऱ्याची सोय धातूला कळत नाही.

पाथरीत कोणतीही मूर्ती उभारावयाची झाल्यास तिचा मातीचा नमुना महिनाभर गावकऱ्यांपुढे ठेवावा. निविदेत उंचीच्या आधी शिल्पकाराचे पूर्वीचे काम विचारले जावे. आणि काम मिळालेल्या शिल्पकाराला प्रथम जिंतूर तालुक्यातील चारठाण्याच्या प्राचीन मंदिरांपुढे व औंढा नागनाथच्या कोरीव भिंतींपुढे वही-पेन्सिल घेऊन आठ दिवस बसवावे. त्याचा भत्ता शंभर कोटींत सहज बसेल.