उरलेल्या कागदाचा मान

नाताळच्या शुभेच्छापत्रावर डायने, म्हणजे कागद कापणाऱ्या धारदार साच्याने, कापलेला ‘जॉय’ हा शब्द दिसला, की हमखास एक शंका निघते: अक्षरे यंत्राने कापली, नक्षी कारखान्यात छापली, मग याला हाताने केलेले कसे म्हणायचे? शंका रास्त वाटते, पण शुभेच्छापत्राचा इतिहास तिच्या बाजूने नाही. या कलेत हात आणि यंत्र पहिल्यापासून जोडीनेच राबले आहेत.

१८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे शुभेच्छापत्र काढून घेतले. विक्रीला आलेले ते पहिले. चित्र शिळाछापावर छापले, रंग मात्र हाताने भरले आणि देणाऱ्या-घेणाऱ्याच्या नावांसाठी जागा मोकळी ठेवली. किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्स. नेहमीचे पत्र तेव्हा एका पेनीत देशभर जाई, त्यामुळे हा थाट खाऊनपिऊन सुखी घरांपुरताच राहिला. १८६१ मध्ये ब्रिटनमधला कागदावरचा कर उठला, १८७० मध्ये अर्ध्या पेनीत पोस्टकार्ड जाऊ लागले, रंगीत छपाई स्वस्त झाली आणि शुभेच्छापत्र साध्या घरांतही पोचले.

अमेरिकेत वूस्टरच्या एस्थर हौलंड यांनी १८४० च्या दशकाअखेर व्हॅलेंटाइनची पत्रे करायला घेतली. यंत्रावर ठोकलेली कागदी जाळी त्या इंग्लंडहून मागवत. जाळीखाली रंगीत कागदाचा तुकडा सरकवला, की नक्षी उठून दिसे. जाळी यंत्राची, तुकड्याची निवड त्यांची.

उरलेल्या कागदाचीही अशीच एक गोष्ट आहे. १९१७ च्या नाताळात कॅन्सस सिटीच्या हॉल बंधूंच्या दुकानात भेटी गुंडाळायचा पातळ कागद संपला. त्यांनी लिफाफ्यांना आतून लावायचे फ्रान्सचे नक्षीदार कागद विकायला मांडले आणि ते हातोहात खपले. पुढे हॉलमार्क या नावाने जगभर गेलेल्या या कंपनीचा वेष्टनकागदाचा धंदा असा सुरू झाला.

डाय घरात आली ती शाळेच्या वाटेने. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एलिसन कंपनीने वर्गातल्या फलकांसाठी अक्षरे कापणारे हातयंत्र काढले आणि शिक्षिकांची कात्री चालवण्याची मेहनत वाचवली. या शतकाच्या सुरुवातीला अशी यंत्रे घरच्या टेबलावर मावू लागली. डाय धारेच्या बाजूने कागदावर ठेवायची, दोन प्लेटांमध्ये धरून दांडा फिरवायचा. रुळांच्या दाबाने शब्द सुटा होतो. खरे काम पुढेच. पांढऱ्या जाड कागदातून तोच शब्द तीनदा कापून थरावर थर चिकटवले, की तो पत्रावर उठून बसतो. एका थराची कड जराशी सरकली तरी नजरेला खुपते. शब्दामागे उरलेल्या नक्षीदार कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या लावायच्या. हिरव्या चौकड्यांशेजारी लाल ठिपके शोभतात का, हे चिकटवण्याआधी मांडून पाहावे लागते. हा निर्णय कोणतेही यंत्र घेत नाही.

म्हणून या छंदाला यंत्रापासून भय नाही. भय आहे ते खरेदीचे. दर हंगामाला नवा नक्षीसंच, नवी डाय आणि त्यासाठी नवे कपाट, अशी सवय लागली की बनवणारा हळूहळू गिऱ्हाईक होऊन जातो. उरलेला कागद नेमका इथे उपयोगी पडतो. तो थोडाच असतो, मनासारखा रंग त्यात सापडेलच असे नाही. त्यामुळे आहे त्यातून जमवावे लागते आणि जमवता जमवता हात तयार होतो. प्रत्येक पत्र आपोआप वेगळे होते आणि ते कोणाला द्यायचे याचा विचार करूनच पट्टी निवडली जाते.

कोल यांच्या पत्रावर नाव लिहिण्यापुरती जागा पाठवणाऱ्याच्या वाट्याला होती. आज सगळा कागद त्याच्या हाती आहे. तेव्हा या डिसेंबरात दुकानाची पायरी चढण्याआधी घरातली कागदांची पेटी उघडावी. दहा-बारा पत्रांचा ऐवज बहुतेक घरांत निघेल, आणि ज्याच्यासाठी कागद निवडून लावला, त्याला पत्र हातात घेताच ते कळेल.