कुरण एक, वंश किती?

न्हावा शेव्याहून निघालेले कंटेनर आखातातल्या ज्या जबल अलीला उतरतात, त्या बंदराच्या नैऋत्येला उथळ पाण्यात सागरी गवताची कुरणे आहेत. हॅलोड्यूल युनिनर्व्हिस ही त्यांतली एक महत्त्वाची जाती. तिची पाती अगदी अरुंद, टोकाशी दाते असलेली, आणि मूलक्षोड वाळूखाली आडवे पसरत जाणारे. वर्गीकरणाने ही वनस्पती गवताच्या कुळातली नाही. पण हरित कासवे तिच्यावर चरतात, म्हणून कुरण हा शब्द चुकीचा ठरत नाही.

अशा कुरणांची प्रकृती बहुधा क्षेत्रफळावरून ठरवली जाते, आणि माझी काळजी तिथूनच सुरू होते. एकच मूलक्षोड वर्षानुवर्षे पसरून विस्तीर्ण पट्टा हिरवा करू शकते. उपग्रहाच्या चित्रात हजारो रोपे आणि एकाच रोपाची हजारो पाती सारखीच दिसतात. हा फरक डीएनए मार्करनेच कळतो. मायक्रोसॅटेलाइट हा असाच एक मार्कर, म्हणजे डीएनएतील छोट्या अक्षरगटांची पुनरावृत्ती. तिची लांबी रोपागणिक बदलते. ठरावीक अंतरावरून ५० कोंब उपटून त्यांच्या डीएनएतील अशा अनेक जागा तपासल्या आणि जनुकप्ररूपे, म्हणजे मुळात वेगळी रोपे, पाचच निघाली, तर दोन्ही आकड्यांतून एक वजा करून काढलेले गुणोत्तर ४ भागिले ४९, म्हणजे जेमतेम ०.०८ येते. प्रत्येक कोंब वेगळा असता, तर ते १ आले असते.

हॅलोड्यूलमध्ये नर आणि मादी रोपे वेगळी असतात. त्यामुळे एकाच क्लोनने, म्हणजे एकाच रोपाच्या विस्ताराने, व्यापलेल्या पट्ट्यात फुले आली तरी बी धरत नाही. मादी रोपाचे फळही वाळूतच, बुंध्याशी तयार होत असल्याने बी सहसा फार दूर जात नाही, आणि उजाड झालेला पट्टा शेजारच्या कुरणातून आपोआप भरून येईल असे गृहीत धरता येत नाही. दुसऱ्या एका सागरी गवतावर, झोस्टेरा मरीनावर, कॅलिफोर्नियात झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अधिक जनुकप्ररूपांचे वाफे हंसांनी चरल्यावर लवकर सावरले. २००३ च्या उष्णलाटेत बाल्टिक समुद्रातल्या मिश्र वाफ्यांचेही तसेच झाले. उलट उदाहरणही लपवू नये: ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे पोझिडोनियाचा एकच क्लोन सुमारे १८० किलोमीटर पसरून हजारो वर्षे टिकला आहे. पण त्याच्याकडे गुणसूत्रांचे दुप्पट संच आहेत. तो अपवाद आखातातल्या हॅलोड्यूलला लावण्यापूर्वी पुरावा हवा.

आखातात उन्हाळ्याचे पाणी आजच ३५ अंशांच्या आसपास जाते, निःक्षारीकरण प्रकल्पांचे अतिखारट पाणी त्यात मिसळते, आणि २००२ च्या सुमारास सुरू होऊन थांबलेला पाम जबल अली हा समुद्रात भराव घालण्याचा प्रकल्प २०२३ मध्ये पुन्हा जाहीर झाला आहे. भरावाची भरपाई म्हणून कुठेही गवत लावायचे झाले, तर सर्वांत दाट पट्ट्यातून कोंब काढणे सोयीचे वाटते. पण तो पट्टा एकच क्लोन असण्याची शक्यता तिथेच विशेष तपासायला हवी. तसे असेल तर लागवडीनंतर क्षेत्र वाढेल, अहवालात ती वाढ यश म्हणून नोंदली जाईल, आणि त्या एका जनुकप्ररूपाची उष्णतासहिष्णुता संपेल त्या उन्हाळ्यात जुना व नवा दोन्ही पट्टे एकदमच करपतील. म्हणून कोंब उपटण्याआधी निरनिराळ्या पट्ट्यांतले नमुने तपासून, नर-मादीची नोंद करून, मगच रोपांचा स्रोत ठरवला पाहिजे.